वारसा, वतन, मिरास, दाय: एकाच गोष्टीची चार नावं की चार वेगळ्या गोष्टी?

थळकरी (कराड तालुका)

नमस्कार मंडळी.

घरातले जुने कागद सध्या टंकून घेतोय. मोडी कागदांचं लिप्यंतर जाणकारांकडून करून घेतलं आहे, बाकीचे देवनागरीतच आहेत. वाचताना एका ठिकाणी सारखं अडायला होतं. पेशवाईतल्या कागदात आमच्या जमिनीला 'मिरास' म्हटलंय. पाटीलकीच्या तक्षिमेबद्दलचा, म्हणजे वाट्याबद्दलचा, कागद आहे त्यात 'वतन'. इंग्रजी अमदानीतल्या निकालात 'वारस' आणि 'वारसा'. आणि पणजोबांचे एक चुलतभाऊ संस्कृत शिकलेले होते, त्यांच्या पत्रात 'दायाद' आणि 'दायविभाग'.

रान तेच, ओढ्याच्या अलीकडचं. घराणंही तेच. शब्द मात्र चार. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, शाळेत या सगळ्याला एकच शब्द आहे, इनहेरिटन्स.

मला वाटतं, शब्द बदलला तेव्हा हक्काची कल्पनासुद्धा बदलली असणार. 'मिरास' म्हणणारा माणूस आणि 'वारसा' म्हणणारा माणूस जमिनीकडे एकाच नजरेनं बघत नसणार. इथे वाईची, सांगलीची जाणकार मंडळी आहेत. हे शब्द आले कुठून आणि नेमकं काय सांगतात, ते कुणी उलगडून सांगेल का?

माणदेशी (म्हसवड)

चांगला धागा. बसतो इथंच.

शब्दवेध (वाई)

थळकरी, तुमच्या चारपैकी दोन शब्द सख्खे भाऊ आहेत. वारसा आणि मिरास दोन्ही अरबी, दोन्ही एकाच धातूचे. त्या धातूत तीन व्यंजनं: व, र आणि तिसरं जिभेचं टोक दातांत धरून उच्चारायचं 'थ'सारखं. त्यापासून 'वारिथ' म्हणजे मागून मिळवणारा आणि 'मीराथ' म्हणजे जे मिळवलं ते. फारसीत ते तिसरं व्यंजन 'स' असं उच्चारतात. दख्खनच्या दरबारांत फारसी चालायची, त्यामुळे आपल्याकडे वारिस आणि मीरास पोचले आणि मराठीने त्यांचे वारस आणि मिरास केले. हिंदीतलं विरासत याच कुळातलं, उत्तरेतल्या कुळकायद्यांतला 'मौरूसी' हाही त्यातलाच.

'वारसदार' मधला 'दार' फारसी. 'बेवारस' मधला 'बे' पण फारसी. पण 'वारसा' हे भाववाचक रूप घडवलं आपण, हे मला महत्त्वाचं वाटतं. मराठीत आधी माणूस आला, वारस. मग त्याच्याकडे येणारी गोष्ट.

आता 'वतन'. तोही अरबीच, पण त्या भाषेत वतन म्हणजे राहण्याची जागा, मायभूमी. हिंदी गाण्यांतला वतन तो. मराठीत आल्यावर त्याचा अर्थ पार वेगळ्या वाटेला गेला: पिढ्यान् पिढ्या चालणारं गावचं किंवा परगण्याचं काम आणि त्या कामाबद्दल मिळणारी जमीन, मानपान, हक्क. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे ही सगळी वतनं. म्हणजे मिरास जमिनीची आणि वतन हुद्द्याचं. तुमच्या कागदांत दोन्ही शब्द आले त्याचं कारण हेच, तुमच्या घराकडे दोन्ही होतं.

पाटणकर

एक भाबडा प्रश्न. बारसं आणि वारसा यांचा काही संबंध? आमची आजी म्हणायची, बारसं झालं की पोर वारस झालं.

शब्दवेध (वाई)

शब्दांचा संबंध नाही. बारसं 'बारा' वरून, बाराव्या दिवशी नाव ठेवायचं म्हणून. पण तुमच्या आजीच्या वाक्यात कायद्याचा एक मोठा सिद्धान्त आहे. मूल जन्मलं की हक्क जन्मला. वारसाहक्कावरचा जुना संस्कृत ग्रंथ मिताक्षरा नेमकं तेच सांगतो. कृष्णाकाठ सर, या तुम्ही.

कृष्णाकाठ (सांगली)

आलो.

संस्कृतात दोन शब्द आहेत आणि दोन्ही समजून घेण्यासारखे आहेत. पहिला 'रिक्थ', हा फार जुना. धातू रिच्, सोडणे, रिकामं करणे. 'रिक्त' त्याच धातूचा. रिक्थ म्हणजे मागे राहिलेलं. ऋग्वेदात तिसऱ्या मंडलात एकतिसाव्या सूक्तात दुसरी ऋचा आहे, 'न जामये तान्वो रिक्थमारैक्'. पोटच्या मुलाने बहिणीसाठी रिक्थ सोडलं नाही. बहिणीच्या वाट्याची चर्चा केव्हापासून चालली आहे ते बघा.

दुसरा 'दाय', धातू दा, देणे. दाय घेणारा तो दायाद. आता अडचण अशी की मेलेला माणूस देणार कसा? शास्त्रकारांना हा प्रश्न पडला होता. बंगालच्या जीमूतवाहनाने आपल्या 'दायभाग' ग्रंथात सरळ सांगितलं की इथे 'देणे' हा शब्द गौण अर्थाने घ्यायचा. मेलेल्याचा किंवा संन्यास घेतलेल्याचा हक्क संपतो आणि दुसऱ्याचा उत्पन्न होतो. परिणाम दानासारखा, म्हणून दाय.

आपल्या भागाला लागू असलेली मिताक्षरा वेगळं म्हणते. ती विज्ञानेश्वराची, याज्ञवल्क्यस्मृतीवरची टीका, चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात कल्याणीत लिहिलेली. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, सोलापूर ओलांडलं की फार लांब नाही. मिताक्षरेप्रमाणे मालकाशी असलेल्या नात्यामुळेच जे धन दुसऱ्याचं होतं ते दाय. इथे कुणी काही देण्याची किंवा मरण्याची वाट बघायची गरज नाही. मुलगा जन्मताच वडिलोपार्जित मिळकतीत बापाच्या बरोबरीने धनी होतो. बंगालात बाप जिवंत असेपर्यंत मुलाला काही नाही, इकडे जन्मल्यापासून आहे. एकाच धर्मशास्त्राच्या दोन वाचनांनी शेकडो वर्षं दोन प्रदेशांची घरं वेगवेगळी चालली.

पाटणकर, तुमच्या आजीचं म्हणणं म्हणून इतकं भिडलं.

पाटणकर

आजीला हे सांगायला हवं होतं. धन्यवाद सर.

माणदेशी (म्हसवड)

शब्दवेध दादांनी मिरासीचं सांगितलं त्यात भर घालतो. आमच्याकडं म्हातारी माणसं अजून म्हणत्यात, 'ही काय कुणाची मिरासदारी न्हाई'. म्हंजे कायमचा हक्क न्हाई.

जुन्या गावात दोन परकारचं कुणबी. मिरासदार आणि उपरी. मिरासदाराची जमीन त्याची, सारा भरंल तवर कुणी उठवू शकत न्हाई, इकायची तर इकता येती, पोराला जाती. उपरी म्हंजे भाईरनं आलेला, कौलानं म्हंजे ठरलेल्या करारानं जमीन कसणारा, आज हितं उद्या तिथं. दुष्काळात मिरासदार परागंदा झाला तरी त्याची मिरास मरत न्हाई, परत आला तर हक्क सांगतो. आमच्या माणदेशात दुष्काळ काय नवा न्हाई. मानूस गाव सोडतो तवा मागं काय ठेवून जातो, तर ही मिरास.

आणि ज्या घराण्यात कुणीच उरलं न्हाई त्याची जमीन 'गतकुळ'. कागदात गतकुळी असं लिवलेलं असतं. हा शब्द वाचला की मला लई वाईट वाटतं. जमीन हाय, बांध हाय, कूळ गेलं.

थळकरी (कराड तालुका)

माणदेशी, तुम्ही गतकुळ म्हणालात आणि मी लगेच आमचा थळझाडा काढून बघितला. गावातल्या थळांची यादी, थळ म्हणजे एका मूळ घराण्याची सलग जमीन. मिरासदाराला आमच्या बाजूला थळकरीच म्हणत, माझं इथलं नाव त्यावरूनच. यादीत काही थळांपुढे खरोखर गतकुळ लिहिलंय, आणि त्या थळांना आजही त्याच आडनावांनी ओळखतात. त्या आडनावाचं गावात एकही घर नाही. नाव जमिनीला चिकटून राहिलं.

जवारी (मिरज)

अस्सलाम आलेकुम आणि नमस्कार.

वारस या शब्दाबद्दल आमच्या घरात लहानपणी जे शिकवलं ते सांगतो. अल्लाहच्या नव्व्याण्णव नावांत एक नाव 'अल-वारिस' आहे. सगळे गेल्यावर जो उरतो तो. सगळी मालमत्ता शेवटी ज्याच्याकडे परत जाते तो. म्हणून आमच्या वडिलांचं म्हणणं असायचं, वारस म्हणजे घेणारा हा अर्थ नंतरचा, आधी उरणारा.

कुराणात सूरह निसाच्या ११ आणि १२ व्या आयतींत वाटे ठरवून दिलेत: मुलगा, मुलगी, आई, बाप, नवरा, बायको. मुलीला मुलाच्या निम्मा. निम्मा का यावर वाद करणारे करतात, पण वाटा आहे आणि तो लिहिलेला आहे. असं असूनही आमच्यातसुद्धा किती घरांत बहिणींना तो प्रत्यक्ष मिळतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

दुसरं, इथे फक्त जमिनीचं बोलणं चाललंय. मिरजेत सतारमेकर आडनावाची घरं आहेत. सतार आणि तानपुरा करायचं काम पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळा पारखायचा कसा, तारेखालची जवारी, म्हणजे घोडीचा वरचा भाग, किती घासायची की सूर मोकळा होतो, हे कुठल्या वाटणीपत्रात लिहून देता येत नाही. दुकान तीन भावांत वाटता येईल, पण कान ज्याने शेजारी बसून कमावला त्याचाच. इथे वारस ठरतो तो बसण्यावरून. गाण्याच्या घराण्यांतही तेच. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, त्यांच्या किराणा घराण्याचं गाणं पुढे नेणाऱ्यांत रक्ताच्या नात्याबाहेरचे शिष्य किती मोठे झाले.

कृष्णाकाठ (सांगली)

जवारीभाई, फार सुंदर. 'उरणारा' आणि 'रिक्थ' म्हणजे 'उरलेलं', दोन भाषाकुळांचा एकमेकांशी संबंध नाही आणि तरी दोन्हीकडे उरण्याचीच कल्पना.

कोरेगावकर (सध्या पुणे)

इंग्रजीचं मी बघितलं. इनहेरिटन्सच्या मुळाशी लॅटिन 'हेरेस' म्हणजे वारस. तिथेही आधी माणूस, मग मालमत्ता. तो शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला आणि सुरुवातीला क्रियापदाचा अर्थ होता एखाद्याला वारस करणे. 'वारसाने मिळवणे' हा अर्थ नंतर पक्का झाला. या हेरेसचा संबंध भाषाशास्त्रज्ञ ग्रीकमधल्या 'उणा झालेला, पोरका' अशा अर्थाच्या शब्दाशी आणि आपल्या 'जहाति' म्हणजे 'सोडतो' याच्याशी जोडतात. म्हणजे इथेही मागे सुटणंच.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिथेही हा शब्द रोजचा आहे: मूळ वर्गाचे गुण उपवर्गाला आपोआप मिळतात. त्याला मराठीत वारसाच म्हणतात, आणि तिथे भाऊबंदकी नाही.

अजिंक्यतारा (सातारा)

साताऱ्याच्या माणसाला 'वारस' हा शब्द ऐकला की १८४८ आठवायला हवं.

१८१९ च्या तहात इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याचा मुलूख दिला. तो महाराजांना, 'त्यांच्या वारसांना आणि उत्तराधिकाऱ्यांना' असा. १८३९ मध्ये त्यांनाच पदच्युत करून काशीला धाडलं आणि धाकटे भाऊ आप्पासाहेब म्हणजे शहाजी महाराज यांना गादीवर बसवलं. प्रतापसिंह १८४७ मध्ये तिकडेच वारले. पुढच्या वर्षी आप्पासाहेबही गेले. औरस पुत्र नव्हता, म्हणून मरणापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता.

मग प्रश्न उरला एकाच शब्दाचा. तहातल्या 'वारस' शब्दात दत्तक पुत्र बसतो की नाही? आपल्या शास्त्राप्रमाणे त्यात शंकेला जागाच नाही. दत्तक हा पुत्र, तो पिंड देतो, तोच वारस. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांचंही मत दत्तक मान्य करावा असंच होतं. गव्हर्नर जनरल डलहौसीने एक फरक काढला: दत्तकाला खासगी मालमत्तेचा वारसा मिळेल, राज्याचा नाही, त्याला कंपनी सरकारची मंजुरी लागते. म्हणजे तोच मुलगा वाड्याचा वारस आणि राज्याचा नव्हे. सातारा खालसा झालं. या धोरणाखाली गेलेलं हे पहिलं मोठं राज्य. पाठोपाठ झाशी आणि नागपूर.

रंगो बापूजी गुप्ते याच साताऱ्याची बाजू मांडायला लंडनला गेले आणि कित्येक वर्षं तिथे राहून झगडले. १८५७ नंतर इंग्रज सरकारनेच संस्थानिकांना दत्तकाचा हक्क मान्य करणाऱ्या सनदा दिल्या. जो अर्थ साताऱ्याला नाकारला तोच पुढे बाकीच्यांना दिला. याचं दुःख मला आजही वाटतं आणि ते मी लपवत नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

आणि आमची सांगली वाटणीतून उभी राहिली. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन आणि त्यांचे चुलते गंगाधरराव यांच्यातला वाद मिटेना, तेव्हा १८०१ मध्ये चिंतामणराव मिरज सोडून सांगलीला आले. मिरजेचेही पुढे १८२० मध्ये आणखी भाग पडले, थोरली पाती आणि धाकटी पाती त्यातल्याच. घराण्यातली वाटणी दोन शहरांच्या इतिहासात उमटली.

नवयान (सातारा)

वर सगळे वतनाबद्दल मानाने बोलत आहेत. वतनाची दुसरी बाजू मी सांगतो, ती आमच्या घरात सोसलेली आहे.

महार वतन हेही वतनच होतं. पण त्यात वारशाने काय येत होतं? काम. सरकारी कामाला रात्री-अपरात्री कधीही हजर राहायचं, टपाल न्यायचं, सारा पोचवायचा, हद्दी दाखवायच्या. घरचा कर्ता नसेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचं. त्याबद्दल थोडी इनाम जमीन, पिढीगणिक तुकडे पडत गेलेली, आणि गावकऱ्यांकडून बलुतं, ते त्यांच्या मर्जीवर. मुलगा जन्मला की त्याच्या नावावर ही बांधिलकी जन्मली. इथे मिताक्षरेतला जन्मसिद्ध हक्क वाचताना माझ्या मनात हेच आलं, की जन्मसिद्ध वेठही असते.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं. ज्यांना हे वतन, ही गुलामी सोडायची आहे त्यांना सोडता यावी आणि जमीन मात्र रयतावा म्हणून, म्हणजे इतर रयतेसारखा सारा भरून, राखता यावी, हा त्यामागचा विचार. बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत शिकले, ७ नोव्हेंबर १९०० हा त्यांचा शाळाप्रवेशाचा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने गेली, आमचं वतन १९५८ च्या कायद्याने. आमच्या वतनाच्या बऱ्याच जमिनी आजही सातबारावर भोगवटादार वर्ग २ म्हणून दिसतात आणि विकायला परवानगी लागते.

थळकरी, तुमच्या कागदांत गावच्या बलुतेदारांची नावं असतील तर तीही टंका. आमच्याकडे आमच्या नावांचे कागद फार कमी आहेत.

थळकरी (कराड तालुका)

नवयान दादा, आहेत. बलुत्याची एक यादी आहे, नावांनिशी. पूर्ण टंकून इथेच टाकतो.

येरळाकाठ (विटा)

सगळे प्रतिसाद वाचले. कृष्णाकाठ सरांनी दिलेली ऋचा दोनदा वाचली.

आमच्या घरात 'वारस' हा शब्द पुल्लिंगीच होता. 'वारस झाला' म्हणजे मुलगा झाला. वडील गेल्यावर दहाव्याला सगळे जमले, तेराव्याच्या आत कागद समोर आला, 'ताई, सही कर, रीतच आहे'. साडी-चोळी ठेवलेली होती. हक्कसोडपत्र. मी सही केली नाही. भावाशी बोलणं बंद आहे. मला जमीन कसायची नाही, पण वडिलांच्या नावाखाली माझं नाव असावं असं वाटतं. ते वाटणं चूक आहे का हो?

फेरफार (तासगाव)

ताई, चूक अजिबात नाही आणि कायदाही तुमच्याच बाजूने आहे. वकिली करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात (सरकारी मराठीत हिंदू उत्तराधिकार अधिनियम) मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाच्या स्वतःच्या मिळकतीत पहिल्या वर्गाचे वारस बरोबरीचे: मुलगा, मुलगी, विधवा पत्नी आणि त्याची आई. ही आई बहुतेक घरं विसरतात. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मात्र मुलगी सहदायाद, म्हणजे जन्मापासूनची हिस्सेदार, नव्हती. बघा, 'दायाद' शब्द कायद्यात अजून जिवंत आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये राज्याची दुरुस्ती करून मुलींना सहदायाद केलं, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं की मुलीचा हा हक्क जन्माने आहे, २००५ च्या त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी मात्र कायम राहते.

म्हणजे मिताक्षरेने मुलाबद्दल जे म्हटलं तेच आता मुलीबद्दल.

हक्कसोडपत्र नोंदणी केल्याशिवाय चालत नाही आणि ते स्वखुशीने असावं लागतं. दहाव्याला घाईत घेतलेली सही पुढे कोर्टात किती जणांना त्रासाची झाली, ते रोज बघतो.

कृष्णाकाठ (सांगली)

एक जोड. आपल्या मुंबई इलाख्यात मिताक्षरेबरोबर नीळकंठ भट्टाचा 'व्यवहारमयूख' हा ग्रंथही मानत. त्याच्या आधारावर इकडे बहिणीलाही वारसांत जागा होती आणि मुलीला मिळालेली मिळकत पूर्ण तिच्या मालकीची धरत. इतर अनेक प्रांतांत ती तहहयात उपभोगापुरतीच असे. येरळाकाठ ताई, 'रीत' म्हणून जे सांगतात त्यापेक्षा शास्त्रही पुढे होतं.

येरळाकाठ (विटा)

धन्यवाद दोघांना. भावाला हा धागा पाठवणार आहे. वकील साहेब, आता नेमकं करायचं काय?

फेरफार (तासगाव)

वारस नोंदीचा अर्ज द्या, तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) किंवा ऑनलाइन. कायद्याने तीन महिन्यांत कळवायचं असतं, उशीर झाला तरी नोंद होते. सोबत मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र. त्यात सगळे वारस लिहायचे, लग्न झालेल्या मुलींसकट, सासरच्या नावासह. चौकशी होऊन वारसांची नोंद आधी गाव नमुना ६-क मध्ये होते, मग नमुना ६ मध्ये फेरफार, हितसंबंधितांना नोटीस, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी प्रमाणित करतात आणि नाव सातबारावर चढतं. भावाने आधीच तुम्हाला वगळून नोंद घातली असेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करा. जुन्या सातबारावर एखाद्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' दिसलं तर घाबरू नका, तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेला आहे, एकटा मालक म्हणून नाही.

आणि फेरफार म्हणजे मालकी नव्हे. ती महसुलाची नोंद आहे. वाद मालकीचा असेल तर दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा.

थळकरी (कराड तालुका)

ताई, तुमचं वाचून आमची वंशावळ पुन्हा उघडली. सात पिढ्या आहेत, एकही लेक नाही. आत्यांची, आजे-आत्यांची नावं आणि सासरची गावं आता विचारून घेतोय. पाटण, औंध आणि शिराळ्याची मिळाली. नवयान दादा, बलुत्याची यादी उद्या टाकतो, आत्ता त्यातल्या दोन नावांचं मोडी लागत नाहीये. शब्दवेध, फोटो पाठवू का?

शब्दवेध (वाई)

पाठवा. ओळ पूर्ण घ्या, फक्त नाव नको. मोडीत शेजारच्या अक्षरांवरून लागतं.